एका राजाचे ७४३ चेहरे

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा १६४९ साली शिरच्छेद झाला. ऑक्सफर्डच्या सदरलंड संग्रहात या एकट्या माणसाची छापील व्यक्तिचित्रं आहेत ७४३. त्याच्याविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलची ३७३. पुढे गादी परत मिळवणाऱ्या मुलाची, दुसऱ्या चार्ल्सची, ५५२. आणि ७४३ म्हणजे एकाच चित्राच्या तेवढ्या प्रती नव्हेत. ही चित्रं ५७३ वेगवेगळ्या कोरीव पत्र्यांवरून छापलेली आहेत. एका चेहऱ्यासाठी ५७३ वेळा कुणीतरी पत्रा गुळगुळीत केला, हत्यार उचललं आणि तेच डोळे, तीच टोकदार दाढी पुन्हा कोरली.

हे सगळं जमवलं एका जोडप्यानं. अलेक्झांडर सदरलंड यांनी १७९५ मध्ये क्लॅरेंडन आणि बर्नेट यांचे सतराव्या शतकावरचे इतिहासग्रंथ घेतले आणि त्यांत ज्याचं ज्याचं नाव येईल त्याचं छापील चित्र शोधून पानांत बसवायला सुरुवात केली. १८२० मध्ये ते वारले. पत्नी शार्लट यांनी काम थांबवलं तर नाहीच, उलट आणखी वाढवलं. १८३७ मध्ये त्यांनी संग्रह ऑक्सफर्डला दिला, तेव्हा त्या ग्रंथांचे ६१ अवाढव्य खंड झाले होते आणि त्यांत १९,०००हून जास्त चित्रं होती.

याच्या अगदी उलट टोकाचा नमुना बंगळूरच्या हेब्बाळमध्ये आहे. २०१८ मध्ये तिथं खोदकामात एक वीरगळ वर आला. काळ इसवी सन ७५० च्या सुमाराचा, राजा गंगवंशी श्रीपुरुष. त्यावर लढाईत पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराची आकृती आणि जुन्या कानडीतला लेख आहे. प्रती किती? एक. तो दगड गाड्यांच्या आणि पुलांच्या त्या गर्दीत फुटला असता, तर कित्तय्या या जगात होता याचा पुरावाच संपला असता. आता मिथिक सोसायटीच्या प्रकल्पात बंगळूरच्या शिलालेखांच्या त्रिमितीय प्रतिमा घेतल्या जातात. साडेबाराशे वर्षं एकट्यानं तग धरलेल्या चेहऱ्याला एवढ्या उशिरा सोबत मिळते.

दगड टिकतो, पण एकटा असतो. कागद लवकर फाटतो, पण त्याला भावंडं असतात. जुन्या छापील व्यक्तिचित्रांचं सगळं गणित या दोन वाक्यांत आहे.

युरोपच्या राज्यकर्त्यांना ते फार लवकर कळलं. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन यानं चित्रकार ड्यूरर आणि त्याच्या सहकाऱ्यांकडून एक विजयकमान करून घेतली, तीही कागदाची. १९५ लाकडी ठोकळे, ३६ मोठे कागद. जोडून भिंतीवर लावले की साडेअकरा फूट उंच आणि साडेनऊ फूट रुंद. तिच्यावर सम्राट, त्याचे पूर्वज आणि त्याचे पराक्रम. १५१७-१८ मध्ये तिचे ७०० संच छापले गेले. खरी कमान एका गावात उभी राहिली असती. ही ७०० ठिकाणी पोचू शकत होती.

लाकडामागून तांब्याचं युग आलं. सतराव्या-अठराव्या शतकातलं असं एखादं चित्र हातात आलं तर आधी कडेला पाहावं. पत्रा दाबयंत्राच्या दोन रुळांमधून जाताना ओलसर कागदात रुतलेला असतो, त्याची चौकट कागदावर कायमची खोल उमटते. काळ्या रेषेवरून बोट अलगद फिरवलं तर ती किंचित उठावाची लागते, कारण कागदानं खाचेतली शाई ओढून घेतलेली असते. कागद उजेडासमोर धरला की त्या काळच्या हातकागदातल्या जाळीच्या समांतर रेघा दिसतात. चेहऱ्यावर सावली हवी असेल तिथं रेषा दाट आणि एकमेकींना छेदणाऱ्या, गालाच्या उजेडाकडे येता येता त्या ठिपक्यांत विरत जातात.

मात्र तांबं झिजतं. चांगल्या कोरीव पत्र्यावरून काही शे ते दोन-तीन हजार छाप निघतात आणि प्रत्येक छापागणिक रेषा थोडी फिकट होते. मखमली छटांच्या मेझोटिंट प्रकारात तर शे-दोनशेनंतरच चित्र मंदावतं. म्हणून जाणकार संग्राहक एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती ठेवतो: एक ताज्या पत्र्यावरची, एक झिजलेल्या, एक पुन्हा दुरुस्त केलेल्या. कधी दुरुस्ती भलतीच असते. पिएर लोंबार यानं कोरलेल्या एका घोडेस्वाराच्या पत्र्यावर क्रॉमवेलचंही डोकं आहे आणि पहिल्या चार्ल्सचंही. घोडा तोच, चिलखत तेच; राज्य पालटलं की चेहरा खरवडून नवा कोरायचा. मधल्या अवस्थेतला डोकं नसलेला स्वारसुद्धा छापून घेतलेला आहे. या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या तरच त्या काळची उलथापालथ डोळ्यांसमोर येते. एकाच प्रतीवर समाधान मानणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

आता मोठे आकडे. फ्रान्सच्या मिशेल द मारोल या धर्मगुरूनं जमवलेली मुद्राचित्रं १६६७ मध्ये चौदाव्या लुईसाठी विकत घेतली गेली. संख्या १,२३,४००. एका चित्राला एकच मिनिट द्यायचं आणि रोज आठ तास पाहत बसायचं म्हटलं, तरी सुट्टी न घेता २५७ दिवस लागतील. मारोलनं ती एकेक करून शोधली, पारखली आणि ५०० हून जास्त खंडांत लावली. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखू पाहणाऱ्या लाव्हाटरनं जमवलेले २२,०००हून जास्त कागद पुढे ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे गेले. ते आज व्हिएन्नात आहेत. ब्रिटिश म्यूझियमकडे तर सर्व प्रकारची मिळून २० लाखांहून जास्त मुद्राचित्रं आहेत. मिनिटाला एक, दिवसाला आठ तास या हिशेबानं अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल.

या नादात एक मराठी राजाही होता, आणि त्याच्या घराण्याची वाट बंगळूरवरूनच जाते. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले आणि १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे तीन लाख रुपयांना गेलं. त्याच तंजावरच्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात सरफोजीराजे दुसरे होते. त्यांनी युरोपीय भाषांतले ४,०००हून जास्त छापील ग्रंथ जमवले आणि त्यांतल्या कित्येकांवर स्वतःची इंग्रजी सही केली. सरस्वती महाल ग्रंथालयात आजही शार्ल ल ब्रँ याच्या चित्रांवरून केलेले तक्ते पाहायला मिळतात: माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी मिळताजुळता प्राण्याचा चेहरा, शेजारी शेजारी. ल ब्रँ हा चौदाव्या लुईचा मुख्य चित्रकार. ज्या राजानं सव्वा लाख चित्रं घेतली, त्याच्याच दरबारच्या रेषा कावेरीकाठी मराठी राजाच्या संग्रहात आल्या.

एवढं सगळं कशासाठी जपायचं, असा प्रश्न पडेल, तर उत्तर आपल्याच इतिहासात आहे. एकेकाळी इब्राहिम खान नावाच्या माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून महाराष्ट्रात प्रचलित होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं ते डच साधनांतून. फ्रान्स्वा व्हालेंटाइन याच्या १७२४-२६ मध्ये छापलेल्या ग्रंथात ते तांब्यावर कोरून छापलेलं होतं. दोनशे वर्षं त्या ग्रंथाच्या प्रती युरोपातल्या कपाटांत कुणी ना कुणी सांभाळल्या. सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या चेहऱ्याचं नावही नीट उच्चारता आलं नसेल. तरीही त्यांनी पान फाडलं नाही, म्हणून आपला राजा आपल्याला दिसला.

म्हणूनच ७४३ हा आकडा मला हव्यासाचा वाटत नाही. शार्लट सदरलंड यांना ठाऊक नव्हतं की त्यांच्या १९,००० चित्रांतलं कोणतं पुढे दुर्मीळ ठरेल. ते कुणालाच आधी कळत नाही. आपल्याकडेही जुन्या घरांच्या माळ्यांवर पुण्याच्या चित्रशाळेची शिळाछापाची चित्रं आहेत, रविवर्मा प्रेसची आहेत, व्हिक्टोरिया राणीचीही आहेत. ती लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, उन्हाच्या भिंतीवर टांगू नयेत. चित्रातल्या माणसाचं नाव मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं मागं लिहावं. आज हजारांतला एक वाटणारा कागद उद्या एकुलता एक उरू शकतो. तो कोणता, हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळेच जपायचे.