प्रतिकृती इंजिनाचा मफलर

प्रतिकृती विमाने व नौका यांच्या लहान अंतर्ज्वलन इंजिनाचा आवाज कमी करण्यासाठी त्याच्या निष्कास द्वाराला जो धातूचा पोकळ डबा जोडतात, त्याला मफलर असे म्हणतात. तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. मोटारगाडीच्या मफलरप्रमाणे तो केवळ आवाज दाबत नाही. इंजिनाची शक्ती, तापमान व इंधनपुरवठा या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. त्यामुळे मफलर बदलणे म्हणजे इंजिनाची जुळणी नव्याने करणे होय.

== पार्श्वभूमी ==
प्रारंभीची बहुतेक प्रतिकृती इंजिने उघड्या निष्कासानेच चालत. उड्डाणाच्या मैदानांजवळ वस्ती वाढली तसा त्यांचा कर्कश आवाज तक्रारीचा विषय झाला, आणि आवाजामुळे मैदानच हातचे जाण्याची भीती क्लबांना वाटू लागली. ब्रिटनमध्ये १९८२ साली प्रतिकृती विमानांच्या आवाजाविषयी आचारसंहिता काढण्यात आली. तिच्यात ७ मीटर अंतरावर ८२ डेसिबेल (ए) ही मर्यादा आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने घटतो. म्हणजे या मर्यादेतील विमान २८ मीटरवर सुमारे ७० डेसिबेल ऐकू येईल.

== कार्य ==
द्विघाती इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एकदा ज्वलन होते. मिनिटाला १०,००० फेरे असतील, तर निष्कास वायूचे सेकंदाला सुमारे १६७ धक्के बाहेर पडतात. मफलरच्या पोकळीत हे वायू प्रसरण पावून काहीसे थंड होतात व धक्क्यांची तीव्रता ओसरते. पोकळी मोठी व बाहेरची नळी अरुंद असेल तर आवाज अधिक कमी होतो. पण नळी फार अरुंद असल्यास वायू अडून पश्चदाब वाढतो, इंजिन तापते आणि शक्ती घटते. म्हणून ६.५ घन सेंमी. इंजिनाचा मफलर १० घन सेंमी. इंजिनाला, तो स्क्रूने बसत असला तरी, लावू नये. चौघाती इंजिनात ज्वलन एकाआड एक फेऱ्याला होत असल्याने त्याचा आवाज खालच्या पट्टीतील व कानाला सौम्य असतो.

अनेक मफलरांवर एक बारीक तोटी असते. तिच्यातून नळीवाटे मफलरमधील थोडा दाब इंधनटाकीत नेतात, त्यामुळे टाकी रिकामी होत आली किंवा विमान कोलांटी घेत असले तरी इंधन बऱ्यापैकी सारख्या प्रमाणात मिळते. नवशिक्यांची इंजिने बिघडतात ती पुष्कळदा येथेच. अधिक मोकळा मफलर बसवला की टाकीतील दाब कमी होतो, मिश्रणात इंधन कमी पडते, आणि कार्ब्युरेटरची सुई जुन्याच जागी ठेवली तर इंजिन अतितप्त होऊन दट्ट्या सिलिंडरमध्ये जखडू शकतो. नवा मफलर लावल्यावर सुई आधी पुरेशी उघडून मिश्रण जाड ठेवावे व नंतर हळूहळू बंद करत आणावी.

== विमानासाठी निवड ==
सरावाच्या विमानाला इंजिनासोबत आलेला मूळ मफलर बहुधा पुरेसा असतो. आच्छादित नाकाच्या विमानात बाजूला आलेला डबा बसत नाही. तेथे इंजिनाला वेढून आत मावणारा मफलर घेतात. मफलर नाकाजवळ असल्याने त्याचे वजन गुरुत्वमध्यावर परिणाम करते, हेही पाहावे लागते. मेथेनॉलवर चालणाऱ्या द्विघाती इंजिनाच्या इंधनात साधारणपणे १५ ते २० टक्के तेल असते व त्यातील बरेचसे निष्कासातून बाहेर येते. ते पंखावर पडू नये म्हणून नळीला सिलिकॉनचा वळणदार तुकडा जोडतात.

मफलर कितीही चांगला असला तरी प्रोपेलरचा आवाज तो थोपवू शकत नाही. ११ इंची प्रोपेलर मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर, म्हणजे ध्वनिवेगाच्या निम्म्याहून अधिक असतो. अशा वेळी अधिक अंतरालाचा प्रोपेलर लावून फेरे कमी करणे हाच खरा उपाय ठरतो.

== ट्यून्ड पाइप ==
स्पर्धेच्या विमानांत व वेगवान नौकांत डब्याऐवजी लांब, मधे फुगीर पाइप वापरतात. त्याच्या मागील शंकूवरून परतलेली दाबलहर निष्कास द्वार बंद होण्याच्या सुमारास पोचली, तर बाहेर निसटलेले ताजे मिश्रण ती सिलिंडरमध्ये परत ढकलते. द्वार १५० अंश उघडे राहते आणि लहरीचा वेग सेकंदाला ५०० मीटर आहे असे धरल्यास, १२,००० फेऱ्यांसाठी लांबी सुमारे ५२ सेंमी., तर २०,००० फेऱ्यांसाठी सुमारे ३१ सेंमी. येते. हा हिशेब केवळ प्रारंभापुरता असतो. प्रत्यक्षात पाइपची जोडनळी मुद्दाम लांब ठेवतात व चाचणी घेत थोडी थोडी कापतात. कापलेली परत जोडता येत नाही. ट्यून्ड पाइप स्वतः फारसा शांत नसतो, त्याच्यामागे वेगळा मफलर जोडावा लागू शकतो.

== नौकेसाठी निवड ==
विमानात मफलरला वाऱ्याचा झोत मिळतो, नौकेत तो बहुधा सांगाड्याच्या आत बंदिस्त असतो. म्हणून सुकाणूजवळच्या तोंडातून पाणी घेऊन ते सिलिंडरभोवती, आणि काही रचनांत निष्कास नळीभोवतीही फिरवतात. पेट्रोल इंजिनाच्या नौकांत पाणी कधी कधी थेट निष्कासात सोडले जाते. त्याने आवाज दबतो व रबरी जोड वाचतो, पण वायू थंड झाल्याने लहरीचा वेग घटतो आणि तोच पाइप कमी फेऱ्यांना जुळू लागतो. निष्कास नळीला मागे उतार असणे आवश्यक आहे. अन्यथा इंजिन थांबताच साचलेले पाणी उलट सिलिंडरमध्ये शिरते.