आपल्याच पेशींचं औषध आणि किडनीचा कॅन्सर

मागच्या महिन्यात घोडेगावच्या बाजूच्या एका ताईंचं पत्र आलं. त्यांच्या थोरल्या दिरांना किडनीचा कॅन्सर झालाय आणि तो फुफ्फुसापर्यंत पोचलाय. कुणीतरी मोबाईलवर बातमी पाठवली, की मुंबईत माणसाच्याच रक्तातल्या पेशींपासून कॅन्सरचं औषध निघालंय. तेव्हापासून विहिरीजवळचे वीस गुंठे विकायची बोलणी घरात चालू झालीत. ताईंनी विचारलंय, विकावेत का? जमीन विकावी की नाही हे सांगणारे आम्ही कोण? पण बातमीत खरं किती आणि या आजाराच्या कामाचं किती, ते आम्ही समजून घेतलं. तेच आज सांगणार आहोत.

बातमी खोटी नाही. पवईची आयआयटी आणि परळचं टाटा हॉस्पिटल यांनी मिळून हा उपचार तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने त्याला परवानगी दिली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. त्याला कार-टी म्हणतात. ही गाडीची कार नव्हे बरं का, एका लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत.

आपल्या रक्तात टी पेशी असतात. शरीराची राखण करायची हे त्यांचं काम. पण कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरात वाढलेली, घरच्यासारखीच दिसणारी, त्यामुळे राखणदार तिला पुष्कळदा ओळखत नाहीत. म्हणून रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी पेशी वेगळ्या काढतात. रोग होऊ नये असा बदल केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवा जनुक घालतात. त्यामुळे कॅन्सरच्या पेशीवरची एक ठरावीक खूण त्यांना ओळखता येते. मग त्या कोट्यवधींनी वाढवून सलाईनसारख्या परत रुग्णाच्या अंगात सोडतात. त्याआधी थोडी केमोथेरपी द्यावी लागते. पुढचे दिवस जपायचे असतात. सडकून ताप येतो, रक्तदाब उतरतो, कुणी भ्रमिष्टासारखं बोलतं. त्यामुळे काही आठवडे हॉस्पिटलच्या जवळ राहणं भाग असतं.

आता मोबाईलवरच्या बातमीत गाळलेली गोष्ट. ही परवानगी रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी आहे, तीही इतर उपचारांनी आजार हटला नाही किंवा परत आला तरच. ६४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती आणि ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला, त्यांतल्या दहापैकी साधारण सातांना गुण आला. परदेशात तीन-चार कोटी लागतात, तिथे आपल्याकडे तीस-चाळीस लाखांत हा उपचार आला, ही मोठीच गोष्ट. पण किडनीचा कॅन्सर त्या परवानगीत नाही.

का नाही? बिबट्या उघड्या माळावर असला तर सगळ्यांना दिसतो. तोच दाट उसात शिरला की माणसं चारी बाजूंनी उभी राहूनही हाती लागत नाही, हे जुन्नर-आंबेगावच्या बायकांना आम्ही काय सांगावं! रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी टी पेशींना सहज गाठता येतात. किडनीची गाठ म्हणजे दाट ऊस. आत शिरायलाच अवघड, आणि शिरलेल्या टी पेशी तिथे दमून जातात.

दुसरी अडचण खुणेची. रक्ताच्या कॅन्सरमध्ये जी खूण धरतात, ती काही चांगल्या पेशींवरही असते. पण त्या पेशी गेल्या तरी माणूस औषधपाण्यावर तग धरतो. किडनीचं तसं नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १२ रुग्णांवर हा उपचार करून पाहिला होता. त्यांनी धरलेली खूण लिव्हरमधल्या पित्तनळ्यांच्या पेशींवरही निघाली. नव्या पेशींनी तिथेही हल्ला केला आणि काही रुग्णांच्या लिव्हरला त्रास झाला. कॅन्सर मात्र एकाचाही हटला नाही. चाचणी कशाला हवी, थेट औषधच द्या, असं आपण पटकन म्हणतो ना, तेव्हा हे १२ जण आठवावेत.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी सीडी ७० नावाची दुसरी खूण धरली. परदेशातल्या एका चाचणीत निरोगी दात्याच्या टी पेशी वापरून १६ रुग्णांना हा उपचार दिला. एकाचा आजार पूर्ण गेला आणि तीन वर्षांनीही परतला नव्हता. बारा जणांची गाठ गेली नाही, पण वाढ काही काळ थांबली. सोळांतला एक. आम्हाला हा आकडा आशेचा वाटतो, पण वीस गुंठे विकण्याइतका नाही.

उद्या आपल्याकडे अशी चाचणी निघालीच, तर एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. चाचणीतल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखो रुपये मागून ‘ट्रायलमध्ये नंबर लावतो’ म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा. खऱ्या चाचणीची नोंद भारताच्या चाचणी नोंदणीत असते. तिचा नंबर मागा, बारावीच्या पोरालाही तो मोबाईलवर तपासता येतो. संमतीचा कागद आपल्याला कळेल त्या भाषेत असावा लागतो. सही येत नसेल तर कागद वाचून दाखवताना तिऱ्हाईत साक्षीदार हजर लागतो. त्या कागदाची प्रत घरी आणा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईचा नियम लागू आहे. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

तोवर काय, असं तुम्ही विचाराल. पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरवर आज गोळ्या आहेत, प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं आहेत, काहींना ऑपरेशनचाही उपयोग होतो. यातलं महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि लघवीतून रक्त गेलं, मग ते दुखो न दुखो, तर उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी पीत बसू नका. आपण बायका तर पाळीचं असेल म्हणून सोडूनच देतो. एक सोनोग्राफी करून घ्या. किडनीतच असलेली गाठ ऑपरेशनने काढता येते आणि पुष्कळजण त्यातून बरे होतात.

त्या ताईंचा परवा फोन आला होता. दिरांची फाईल घेऊन त्या दोघी जावा स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. नोंद असलेली चाचणी चालू आहे का, हे त्यांनी विचारलं. सध्या दिरांसाठी तशी चाचणी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. दर महिन्याला तपासणीला जायचंय. जमिनीचं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, त्याला अजून होकार दिलेला नाही.