हबच्या वाटेने येणारी वीज

लॅपटॉपचा देह जसजसा कृश होत गेला, तसतसे त्याच्या कडेचे निरनिराळे पोर्टही लोप पावत गेले. यूएसबी-सी या जोडणीचे मानक ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी ॲपलने जे बारा इंची मॅकबुक बाजारात आणले त्याला, हेडफोनची जागा सोडली तर, हा एकच पोर्ट होता. चार्जर लावावा तर पेनड्राइव्हला जागा नाही आणि पेनड्राइव्ह लावावा तर चार्जर काढणे भाग. अशा अडचणींतूनच हब नावाच्या छोट्या पेटीचे आणि डॉकिंग स्टेशन नावाच्या मोठ्या पेटीचे महत्त्व वाढले. मॉनिटर, माउस, कीबोर्ड, इंटरनेटची तार आणि चार्जर हे सारे या पेटीला जोडून लॅपटॉपमध्ये एकच केबल खोचण्याचा प्रघात आज घराघरांत आणि कचेऱ्यांत पडला आहे. प्रघात सोयीचा खरा. परंतु मॉनिटर उजळलेला आहे, माउस हलतो आहे आणि बॅटरीचा आकडा मात्र चढण्याऐवजी उतरतो आहे असे दिसले, की हब बिघडला असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. आणि हा निवाडा पुष्कळदा तहकीकातीवाचूनच दिलेला असतो.

मुळात या जोडणीतून वीज येते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या गोल पिनेच्या चार्जरचे काम सरळ होते: ज्या लॅपटॉपसाठी तो घडवला त्याला लागणारा ठराविक दाब तो सॉकेटात खोचताक्षणी देऊ लागे. यूएसबी-सीमध्ये आरंभी केवळ ५ व्होल्ट मिळतात. त्यापुढचा दाब मिळण्यापूर्वी केबलमधील एका स्वतंत्र तारेवरून चार्जर आपल्यापाशी काय काय आहे याची यादी सांगतो, लॅपटॉप त्यातले आपल्याला हवे ते मागतो, चार्जर मंजुरी देतो, आणि हा करार क्षणार्धात पुरा झाल्यावर मगच २० व्होल्टांची वीज वाहू लागते. पॉवर डिलिव्हरी, अर्थात पीडी, ती हीच पद्धत. २० व्होल्ट आणि ५ अँपिअर मिळून १०० वॉट होतात. २०२१ च्या सुधारणेने ही कमाल मर्यादा २४० वॉटांवर नेली असली, तरी हब बहुधा १०० वॉटांच्याच मापाने बांधलेले असतात.

आता या व्यवहारात हब आला, म्हणजे एका कराराचे दोन होतात. हब चार्जरशी स्वतंत्रपणे ठरवतो आणि लॅपटॉपपुढे आपली निराळी, कमी केलेली यादी ठेवतो. बाजार समितीतला अडत्या आपली अडत आधी कापून उरलेल्या रकमेची पट्टी हाती ठेवी, तसाच हा प्रकार. स्वतःच्या आणि जोडलेल्या उपकरणांच्या खर्चासाठी हब साधारणतः १० ते १५ वॉट राखून ठेवतो. म्हणजे लॅपटॉपबरोबर मिळालेला ६५ वॉटांचाच चार्जर हबला लावला, तर लॅपटॉपच्या पदरी पन्नासच्या आसपास वॉट पडतात. नुसते टंकलेखन चालू असेल तोवर तेवढ्यावर बॅटरी भरत राहते. परंतु व्हिडिओ कॉल आणि जड काम एकदमच सुरू झाले, की आवक आणि खर्च यांचा मेळ बसत नाही आणि बॅटरी उतरू लागते. विंडोज अशा वेळी ‘स्लो चार्जर’ अशी सूचनाही देते. हा बिघाड नसून निव्वळ हिशेब आहे. ज्या डॉकला स्वतःचा अडॅप्टर असतो तिथेही हा हिशेब चुकत नाही. १३० वॉटांच्या अडॅप्टरपैकी लॅपटॉपसाठी ९० वॉट, अशी वाटणी तिथे आढळते. दोनशे वॉटांहून अधिक वीज खाणाऱ्या गेमिंग लॅपटॉपला तर हबमधून मिळणारी वीज म्हणजे केवळ उतार मंद करण्याची सोय.

तहकीकातीला प्रारंभ करण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून पुष्कळ लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, आणि ती चालू असली म्हणजे ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ हा मजकूर दिसणे हेच तब्येत ठीक असल्याचे लक्षण होय. तसे नसेल, तर मधल्या वस्तू एकेक करून वजा कराव्यात. प्रथम हब बाजूला ठेवून तोच चार्जर, त्याच केबलने, थेट लॅपटॉपला लावावा. तरीही चार्जिंग होत नसेल, तर हबवरील आरोप तूर्त मागे घेऊन चार्जर, केबल आणि लॅपटॉपचा पोर्ट या तिघांची झडती घ्यावी.

चार्जरच्या अंगावर बारीक, करड्या अक्षरांत ‘आउटपुट’ अशी एक ओळ असते. मोबाइलने तिचा फोटो काढून तो मोठा करून वाचावा. यादीच्या शेवटी २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असे असेल तर गुणाकार ६५ वॉट. यादी ९ व्होल्टांवरच संपत असेल तर तो चार्जर फोनचा, आणि पुष्कळ लॅपटॉप त्याला दाद देत नाहीत. काही फोनच्या चार्जरवर मोठ्या अक्षरांत ८० वॉट लिहिलेले असते. पण ती शक्ती ते त्या त्या कंपनीच्या फोनपुरतीच राखून ठेवतात आणि परक्या उपकरणाला त्यातला अल्प अंश देतात. दोन पोर्टांच्या चार्जरवर दुसऱ्या पोर्टात फोन लावला की ६५ चे ४५ आणि २० होतात, हेही तिथेच छापलेले असते. केबलची गोष्ट आणखी फसवी: जिच्या टोकात ओळख सांगणारी चिप नाही तिच्यातून ३ अँपिअरांपलीकडे, म्हणजे ६० वॉटांपलीकडे, वीज जात नाही, आणि बाहेरून पाहता दोन्ही केबली सारख्याच दिसतात.

थेट जोडणी चालते आणि हबमधून मात्र चालत नाही, असे ठरले तर हबचे पोर्ट निरखावेत. त्याच्यावर दोन-तीन टाइप-सी पोर्ट असले, तरी चार्जर घेणारा बहुधा एकच असतो आणि त्यावर ‘पीडी’ लिहिलेले असते. बाकीचे केवळ डेटासाठी. लॅपटॉपचाही प्रत्येक पोर्ट वीज घेतोच असे नाही. पोर्टात खिशातली लव आणि धूळ ठासून बसली असेल, तर लॅपटॉप बंद करून लाकडी काडीने ती हलकेच काढावी. नंतर सारे सुटे करून, डॉक असल्यास त्याचा प्लगही भिंतीतून काढून, मिनिटभराने आधी चार्जर, मग लॅपटॉप आणि शेवटी इतर उपकरणे एकेक करून जोडावीत. ज्या उपकरणापाशी चार्जिंग थांबते तेच कारण. चार्जर हबला लावताना वा काढताना करार नव्याने होतो आणि बाहेरची हार्ड डिस्क क्षणभर तुटू शकते, म्हणून फायली उतरवून घेताना चार्जरला हात लावू नये. डॉकच्या आणि लॅपटॉपच्या फर्मवेअरची दुरुस्ती निर्मात्याने दिली असेल तर तीही करून घ्यावी. हब हाताला चटका देण्याइतका तापत असेल किंवा प्लग काळवंडला असेल, तर मात्र प्रयोग थांबवून ती वस्तू बदलावी.

युरोपीय संघाच्या नियमानुसार २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना यूएसबी-सीने चार्ज होण्याची सोय असणे बंधनकारक आहे. लॅपटॉपबरोबर त्याचाच खास चार्जर मिळे, तेव्हा मेळ घालण्याचे काम कारखान्यात होऊन गेलेले असे. आता ते ग्राहकाच्या अंगावर येत चालले आहे. ते कठीण मुळीच नाही: लॅपटॉपला ६५ वॉट लागत असतील, तर त्यात हबचे १५ मिळवावेत आणि १०० वॉटांचा चार्जर व ५ अँपिअरची केबल घ्यावी. दुकानात हब हातात घेतल्यावर ‘माझ्या लॅपटॉपला चालेल ना?’ असे विचारले, की चालेल असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘यातून लॅपटॉपपर्यंत किती वॉट पोचतात?’ असे विचारावे आणि उत्तर खोक्यावर छापलेले पाहूनच पैसे मोजावेत.