विमानतळ आणि विमानसेवा : कोल्हापूरचे उदाहरण

लहान शहराच्या विमानतळाचा इतिहास लिहावयाचा तर प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. विमानतळ ही वास्तू आहे. विमानसेवा हा व्यवहार आहे. वास्तूचे उद्घाटन एकदाच होते, व्यवहार मात्र रोज परवडावा लागतो. वृत्तपत्री लेखनात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात, आणि परिणामी एकच विमानतळ तीन-चार वेळा ‘सुरू झाल्याचे’ वाचावयास मिळते. कोल्हापूर हे याचे ठळक उदाहरण होय.

उजळाईवाडीचा हा तळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास तयार झाला व आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटांचे विमान जुहूला उतरले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत एका संस्थानाने धावपट्टी बांधावी, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत हवाई वाहतूक इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे आली. या महामंडळाच्या जाळ्यातून लहान गावे कशी निसटत होती, ते १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही निराळी कंपनी काढावी लागली यावरूनच कळते. आरंभी ईशान्य भारतासाठी निघालेली ही कंपनी पुढे देशभरच्या लहान गावी पोहोचली, तथापि १९९३ मध्ये तीही इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

कोल्हापुरास १९८७ मध्ये १,३७० मीटरची धावपट्टी मिळाली. सत्तर आसनांच्या पंख्याच्या विमानास एवढी लांबी कशीबशी पुरते. पावणेदोनशे आसनांच्या जेट विमानास ती पुरत नाही. येथेच अडचणीचे मूळ आहे. मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्याची वेळ लहान विमानालाही तेवढीच अडवावी लागते, जेवढी मोठ्याला. मग ती वेळ कोल्हापूरच्या थोड्या उतारूंसाठी कोण खर्च करील? किंगफिशर कंपनीची येथील सेवा कंपनी २०१२ मध्ये बसण्यापूर्वीच थांबली होती.

‘तळ’ हा शब्द या संदर्भात मोठा अर्थपूर्ण आहे. मराठीत सैन्याचा तळ ठोकला जातो, तसाच तो उठतोही. विमानतळ जागेवर राहतो. तळ उठतो तो कंपन्यांचा.

केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेने (मराठीत खरे रूप ‘उड्डाण’; पण हे नाव हिंदी घोषवाक्याच्या आद्याक्षरांतून बनविलेले, तेव्हा व्याकरणाचा इलाज नाही) या दुखण्यावर उपाय योजला. तासाभराच्या प्रवासासाठी सुमारे निम्म्या आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून द्यावयाचे, आणि येणारी तूट तीन वर्षे भरून द्यावयाची. हा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या आकारणीतून येतो. एप्रिल २०१८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर एअर डेक्कनचे चिमुकले विमान आले, पण ती सेवा टिकली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अलायन्स एअरने हैदराबाद व बंगळूर जोडले. २०१९ मध्ये इंडिगोने तिरुपतीचा मार्ग धरला. बालाजीकडून दर नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मार्गाचे नवल वाटणार नाही.

तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्न मात्र उरतोच. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तेथील धावपट्टी अडीच हजार मीटरची, म्हणजे लांबीची सबबही नाही. तरीही मुंबईची सेवा मदतीची तीन वर्षे भरताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडली. म्हणून कोल्हापूरच्या मार्च २०२४ मधील नव्या इमारतीचे मोल जोखताना तिच्या काचा व कमानी पाहून भागणार नाही. मदत संपल्यावर किती मार्ग चालू राहिले आणि वेळापत्रकातील किती फेऱ्या प्रत्यक्ष झाल्या, हे वर्षानुवर्षे मोजावे लागेल.