औषध परदेशचे, रोगी वाशीमचा

दुखणे वाशीमला आणि औषध सातासमुद्रापार, अशी वेळ एखाद्या घरावर येते. दुकानदार म्हणतो, "हे इकडे नाही मिळायचे, बाहेरून मागवा." आकडा ऐकून घरातली माणसे शेत गहाण टाकायच्या गोष्टी बोलू लागतात. वाचकहो, त्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या.

पहिली गोष्ट, ते औषध इथेच बनते का? चिठ्ठीवर बहुधा कंपनीने दिलेले नाव असते. डॉक्टरांना औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव विचारा. सोराफेनिब हे कर्करोगाचे औषध घ्या. बायर कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपये पडत. 2012 च्या मार्चमध्ये मुंबईहून पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याच्या गोळ्यांना 8,880 रुपयांची मर्यादा घातली. औषध नुसते बाहेरून येते, इथे बनत नाही, हेही त्या निकालाचे एक कारण होते. तेव्हा बाहेरचे ते स्वस्त, असे धरून चालू नका.

दुसरी गोष्ट परवानगीची. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे प्रवाशाला स्वतःपुरते औषध, साधारणपणे शंभर मात्रांपर्यंत, सामानातून आणता येते. पुतण्याने काकांसाठी आणणे त्यात बसत नाही. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून केंद्रीय औषध नियंत्रकांकडे 12-अ नमुन्यात अर्ज करावा लागतो. मंजुरी 12-ब नमुन्यात मिळते.

तिसरी गोष्ट सीमाशुल्काची. औषधांवर हे मूळ शुल्क सामान्यतः शेकडा 10. औषधच लाखांचे असले, की हा दहावा हिस्साही घर बुडवतो. 1 एप्रिल 2023 पासून, राष्ट्रीय धोरणाच्या यादीतील दुर्मीळ आजारांसाठी स्वतःच्या वापराकरिता आणलेल्या औषधांवर हे शुल्क माफ झाले. त्याला लागणारा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात. म्हणजे या कामासाठी मुंबई-दिल्ली गाठायला नको, वाशीमलाच चौकशी करा. अशा आजारांसाठी मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे नेमलेले केंद्र आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि चिठ्ठी न पाहता, परवाना न विचारता "निम्म्या भावात घरपोच देतो" म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला दुरूनच नमस्कार करा. बनावट औषधात पैसा तर जातोच, पण रोग्याचे हातचे दिवसही जातात, आणि ते कुठूनही आयात करता येत नाहीत.