खय्याम : शब्दाला मान देणारा संगीतकार

मुलगा दहावीनंतर ‘मला संगीतात जायचंय’ म्हणाला, तर आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, ‘त्यात पोट भरतं का?’ प्रश्न चुकीचा नाही. पण तो विचारणाऱ्यांनी एकदा खय्याम साहेबांच्या कारकिर्दीकडे बघावं. इथे झटपट यश नाही. थांबणं आहे, नकार देणं आहे, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जबानीची कदर आहे.

खय्याम यांचं पूर्ण नाव मोहम्मद जहूर खय्याम हाश्मी. जन्म 18 फेब्रुवारी 1927, पंजाबमधलं राहों. सिनेमात नट व्हायचं म्हणून लहानपणीच घर सोडून दिल्लीला काकांकडे गेले. तिथे पंडित अमरनाथ, हुस्नलाल आणि भगतराम यांच्याकडे संगीत शिकले. मग लाहोरला बाबा चिश्तींचे सहाय्यक झाले. दुसऱ्या महायुद्धात काही काळ फौजेतही होते. म्हणजे नट व्हायला निघालेला मुलगा संगीतकार झाला, तोही अनेक वर्षं उस्तादांच्या हाताखाली राबून.

1948 मध्ये ‘हीर रांझा’ आला. संगीतकार होते शर्माजी-वर्माजी. यातले शर्माजी म्हणजे खय्याम आणि वर्माजी म्हणजे रहमान वर्मा. फाळणीनंतर रहमान पाकिस्तानात गेले, जोडी फुटली. पुढे 1953 च्या ‘फुटपाथ’मध्ये तलत महमूद यांनी गायलेल्या गाण्यानं खय्याम हे नाव लोकांच्या ओठांवर आलं.

त्यांची खरी ओळख पटली ती 1958 च्या ‘फिर सुबह होगी’मुळे. नायक राज कपूर, गीतकार साहिर लुधियानवी. सिनेमाची कथा दोस्तोयेवस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’वर बेतलेली. राज कपूर यांच्या सिनेमाला संगीत शंकर-जयकिशनचं, हे तेव्हा जवळपास ठरलेलं असायचं. पण संगीत देणाऱ्यानं ती कादंबरी वाचलेली असावी, असा साहिरचा आग्रह होता आणि म्हणून काम खय्यामना मिळालं, असं सांगतात. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. संगीतकाराला काम मिळालं, ते वाचनामुळे!

आता त्यांच्या कामाची पद्धत बघू. सिनेमात बऱ्याचदा चाल आधी बनते आणि गीतकार त्या मापात शब्द बसवतो. खय्याम यांचा कल उलटा. आधी शायरी, मग चाल. गझलेच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. गझलेचा प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि स्वतंत्र अर्थाचा असतो. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ म्हणतो, थांबतो, ऐकणाऱ्याची उत्सुकता वाढते आणि दुसऱ्या ओळीवर दाद मिळते. दोन ओळींच्या मध्ये वाद्यांचा गोंगाट घुसला, की शेर तुटतो. खय्याम यांच्या चाली ऐका. सारंगी, संतूर, सतार, बासरी, तबला सगळं असतं, पण शब्द सुरू झाला की वाद्यं अदबीनं मागे सरतात. तलफ्फुज कानाला स्वच्छ ऐकू येतो. वर्गात गझल शिकवताना मुलांना चाल आधी माहीत असली, तर अवघड शब्दांचा अर्थ समजावणं सोपं जातं, हा आमच्यासारख्या शिक्षकांचा अनुभव आहे.

‘आखरी खत’ (1966) नंतरची दहा वर्षं तशी शांतच गेली. सिनेमे मोजके मिळाले. या काळात त्यांनी सिनेमाबाहेरही काम केलं. मीना कुमारी यांच्या स्वतःच्या शायरीची, त्यांच्याच आवाजातली रेकॉर्ड 1971 मध्ये आली, तिचं संगीत खय्याम यांचं. मग 1976 मध्ये यश चोप्रांचा ‘कभी कभी’ आला, पुन्हा साहिरसोबत. फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा खय्याम पन्नाशीला आले होते.

1981 चा ‘उमराव जान’ ही तर परीक्षाच होती. ‘पाकीजा’ लोकांच्या मनात ताजा होता आणि विषयही तवायफचाच. तुलना होणार हे उघड होतं. खय्याम यांनी मिर्झा हादी रुस्वांच्या कादंबरीतून ते पात्र समजून घेतलं, आणि आशा भोसले यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. त्यामुळे आवाजात ठहराव आला. गझला शहरयार यांच्या, जे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात उर्दू शिकवायचे. खय्याम आणि आशाताई, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी सागर सरहदींचा ‘बाजार’ आला. गरिबीमुळे हैदराबादच्या मुली पैसेवाल्यांना लग्नाच्या नावाखाली विकल्या जातात, हा त्याचा विषय. आपल्या समाजाला आरसा दाखवणारा. त्यात अठराव्या शतकातले मीर तकी मीर आहेत, हैदराबादचे मखदूम मोहिउद्दीन आहेत आणि आपल्या औरंगाबादचे बशर नवाजही आहेत. बशर साहेबांची रचना भूपिंदर सिंग यांनी गायली. मराठवाड्यातल्या शायराचे शब्द देशभर पोहोचले, ते या सिनेमामुळे. ‘रझिया सुलतान’मध्ये तर त्यांनी रेडिओचे निवेदक कब्बन मिर्झा यांना गायला लावलं. नावाजलेला गायक नको होता, पात्राला शोभणारा आवाज हवा होता.

पत्नी जगजीत कौर स्वतः उत्तम गायिका होत्या. 1954 मध्ये लग्न झालं, ते अखेरपर्यंत टिकलं. मुलगा प्रदीप 2012 मध्ये गेला. त्यानंतर 2016 मध्ये दोघांनी आपली बरीचशी मालमत्ता ट्रस्टला देऊन टाकली. कशासाठी? सिनेसृष्टीतल्या नव्या आणि गरजू कलावंतांना मदत व्हावी म्हणून. 2011 मध्ये पद्मभूषण मिळालेले खय्याम 19 ऑगस्ट 2019 रोजी मुंबईत वारले.

तेव्हा ‘पोट भरतं का?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं, की भरतं, पण उशिरा भरू शकतं आणि सगळ्यांचं भरेलच असं नाही. म्हणून मुलाला शिक्षण सोडू देऊ नका. पण त्याच्या हातातलं वाद्यही काढून घेऊ नका. त्याला उर्दू, मराठी दोन्ही नीट वाचायला शिकवा. खय्याम यांना साहिर, मीर, शहरयार आणि बशर नवाज यांचे शब्द पेलता आले, कारण ते आधी वाचक होते.