नमुनादर, साठवण आणि मौखिक संहिता : जात्यावरील ओवीच्या ध्वनिमुद्रणासंदर्भात

लोकवाङ्मयाचा अभ्यासक क्षेत्रकार्यास निघतो तेव्हा वहीबरोबर ध्वनिमुद्रकही त्याच्या हाती असतो. मुद्रण सुरू करण्यापूर्वी नमुनादर कोणता ठेवावयाचा हे त्याला ठरवावे लागते, आणि जागा वाचावी म्हणून अनेकदा लहानात लहान आकडा निवडला जातो. ही निवड वरवर तांत्रिक वाटली तरी तिचा संबंध संहितेच्या प्रामाण्याशी आहे. तो स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील अखंड चढउतार. अंकीय मुद्रणात ठरावीक अंतराने या चढउताराचे मोजमाप घेतले जाते आणि ती मापे आकड्यांच्या रूपाने साठविली जातात. एका सेकंदात घेतलेल्या मापांची संख्या म्हणजे नमुनादर. तो हर्ट्झमध्ये सांगतात. प्रत्येक माप किती सूक्ष्मतेने नोंदवावयाचे हे बिटांच्या संख्येवर अवलंबून असते. १६ बिट म्हणजे २ बाइट. यावरून साठवणीचे गणित सरळ मांडता येते : नमुनादर, प्रत्येक मापाचे बाइट, वाहिन्यांची संख्या आणि मुद्रणाचे सेकंद यांचा गुणाकार म्हणजे लागणारी जागा. नमुनादर दुप्पट केला की जागाही दुप्पट लागते.

पंढरपूर तालुक्यातील करकंब येथे एखाद्या वृद्धेकडून तासभर ओव्या मुद्रित केल्या, असे समजू. वाहिनी एक, सूक्ष्मता १६ बिट आणि एक मेगाबाइट म्हणजे दहा लाख बाइट असे धरल्यास ८,००० हर्ट्झ या दराने ५७.६ मेगाबाइट, २२,०५० या दराने सुमारे १५९, तर सीडीसाठी रूढ असलेल्या ४४,१०० या दराने सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागेल. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांतील तफावत साडेपाच पटींची आहे. मग लहान दर का घेऊ नये?

याचे उत्तर नमुनाग्रहणाच्या मूलभूत नियमात आहे. एखादी वारंवारता यथार्थ टिपावयाची असेल, तर नमुनादर तिच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. म्हणजे ८,००० हर्ट्झ दराच्या मुद्रणात ४,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी येऊच शकत नाही. दूरध्वनीवरील संभाषणासाठी हा दर दीर्घकाळ पुरेसा मानला गेला, कारण तेथे आशय कळणे एवढेच अभिप्रेत होते. उच्चाराच्या अभ्यासकाची गरज मात्र निराळी आहे.

मराठीत तालव्य आणि दंततालव्य उच्चारांचा भेद अर्थभेदक आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी ‘जग’. संख्यावाचक ‘चार’ आणि गुरांना चारा घालण्याच्या अर्थाचे ‘चार’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. दंततालव्य उच्चारातील घर्षण ‘स’च्या जवळचे असून त्याची ऊर्जा मुख्यत्वे ४,००० हर्ट्झच्या वर असते, तालव्य उच्चारातील घर्षण ‘श’च्या जवळचे, तुलनेने खालच्या पट्ट्यातील असते. साहजिकच कमी दराच्या मुद्रणात हा भेद पुसट होतो. ऐकणारा संदर्भावरून शब्द ओळखतो हे खरे. परंतु जेथे उच्चार हाच अभ्यासविषय आहे तेथे संदर्भ हा पुरावा ठरू शकत नाही.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी. रूढ देवनागरी लेखनात हा भेद दाखविला जात नाही. म्हणजे लिप्यंतरात जे हरवते तेच जपण्यासाठी आपण ध्वनिमुद्रण करतो. नमुनादर अवाजवी कमी केल्यास लिपीची उणीव यंत्रातही उतरते. नंतर दर वाढवून नवी फाइल तयार केली, तरी फक्त जागा वाढते. गेलेला ध्वनी परत येत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत; बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने झालेले ध्वनिमुद्रण १२० तासांहून अधिक आहे. केवळ गणितासाठी १२० तास हे परिमाण घेतले, तर वरील हिशेबाने ८,००० हर्ट्झ दरास सुमारे ७ गिगाबाइट, तर ४४,१०० दरास सुमारे ३८ गिगाबाइट जागा लागेल. १९९०च्या दशकाच्या मध्यास घरगुती संगणकाची साठवण साधारणतः एक-दोन गिगाबाइटची असे. त्या काळी काटकसर समजण्यासारखी होती. आज नखाएवढ्या कार्डावर याहून कितीतरी अधिक मावते. ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट अशी शिफारस केली आहे. त्या मानानेही एका वाहिनीच्या १२० तासांना सुमारे ६२ गिगाबाइटच पुरतात.

जागा वाचवावयाचीच असेल, तर तिचे अन्य मार्ग आहेत. एकटीच गायिका असेल तर एक वाहिनी पुरते, आणि जागा निम्मी होते. समोरासमोर बसून दोघी गात असतील, तर मात्र दोन वाहिन्यांचे मोल आहे. मूळ ध्वनी यत्किंचितही न गाळता फाइल लहान करणाऱ्या संक्षेपपद्धतीही उपलब्ध आहेत. श्रवणासाठी किंवा वर्गात ऐकविण्यासाठी एमपीथ्रीसारखी लहान प्रत जरूर करावी. मूळ प्रत मात्र अबाधित ठेवावी.

सारांश, प्रबंधाच्या परिशिष्टात निवेदिकेचे वय, गाव आणि मुद्रणाची तारीख यांबरोबर नमुनादर, बिटसंख्या व वाहिन्यांची संख्या यांचीही नोंद असणे अगत्याचे आहे. ‘हा उच्चार आढळला नाही’ असे विधान वाचताना, तो निवेदिकेच्या मुखी नव्हता की मुद्रणाच्या कक्षेत नव्हता, हे पुढील अभ्यासकाला त्या नोंदीवरूनच तपासता येईल.